औषधाआधी पाणी

चि. सई हिस अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप वाचला, फोटो मोठे करून पाहिले आणि तो छोटा व्हिडिओही पुन्हा पुन्हा लावला. कुठलं औषध आणू ते लगेच सांग, असं विचारलंयस. तर आज कुठलंच औषध आणू नकोस. तुझ्या नारिंगी गोल्डफिशला आत्ता औषधाची नाही, चांगल्या पाण्याची गरज आहे असं मला वाटतं. का वाटतं ते नीट लिहिते, म्हणजे टाकीसमोर उभं राहून तुला परत वाचता येईल.

तू सांगितलेल्या चार गोष्टी मी एकत्र ठेवून पाहिल्या. मासा पर अंगाला चिकटवून तळाशी बसून राहतो. सकाळी पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतो. शेपटीत लाल रेघा दिसतात. आणि कल्ल्यांच्या झाकणांवर पांढरे ठिपके आलेत. त्या ठिपक्यांमुळे तू घाबरलीस, पण मला काळजी वाटते ती पहिल्या तिन्हींची. शिवाय निरोपाच्या शेवटी तू सहज लिहून गेलीस, की मागच्या आठवड्यात फिल्टरचा स्पंज फार घाण झाला होता म्हणून नळाखाली स्वच्छ धुतला. माझ्या दृष्टीने सगळ्या निरोपातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य ते आहे.

त्या स्पंजमध्ये नुसता कचरा नसतो. मासा जो अमोनिया सोडतो (विष्ठेतून थोडा, कल्ल्यांतून बराचसा) त्यावर जगणारे जिवाणू तिथे वस्ती करून असतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशाला विषारी. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, तो आपण पाणी बदलून काढून टाकतो. नव्या टाकीत ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते जंतू मारण्यासाठीच घातलेलं असतं, ते चांगले-वाईट निवडत बसत नाही. म्हणून स्पंज नळाखाली धुतला की टाकी एका दिवसात पुन्हा नव्यासारखी होऊ शकते. त्यात गोल्डफिश भरपूर खाणारा आणि भरपूर अमोनिया सोडणारा मासा, आणि तुझ्याकडे ते दोन आहेत.

हा अंदाज खरा की खोटा ते पाण्याची तपासणी सांगेल. थेंब टाकून रंग पाहायचा संच आण. कागदी पट्ट्यांपेक्षा तो जास्त भरवशाचा. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच (पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा), चारही मोज आणि आकडे तारखेसह वहीत लिहून ठेव. पाणी स्वच्छ दिसतंय म्हणून तपासणी टाळू नकोस, कारण अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. थोडासा चालेल, असं काही त्यात नसतं. नायट्रेट २० पीपीएमच्या (म्हणजे लिटरमागे २० मिलिग्रॅमच्या) आसपास असेल तर उत्तम, ४०च्या वर जाऊ देऊ नये. पीएचही पाहायचा, कारण तो चढा असेल आणि पाणी गरम असेल तर तेवढाच अमोनिया कितीतरी जास्त विषारी ठरतो.

संच हातात येईपर्यंत थांबू नकोस. आजच निम्मं पाणी बदल. नवं पाणी आधी बादलीत घेऊन त्यात अँटीक्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाक. पाणी रात्रभर उघडं ठेवलं की क्लोरीन उडून जातं हे खरं आहे, पण काही ठिकाणी क्लोरीनऐवजी क्लोरामिन वापरतात आणि ते तसं उडत नाही, म्हणून थेंब टाकलेले बरे. दोन्ही पाण्यांचं तापमान थर्मामीटरने जुळव आणि मगच हळूहळू ओत. एअर पंप रात्रंदिवस चालू राहू दे. झाडं दिवसा प्राणवायू देतात, पण रात्री घेतातही, त्यामुळे पहाटे पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू आणखी कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. बुडबुडे भरपूर असूनही मासा वर येऊन तोंड उघडत असेल, तर मात्र नायट्राइटचा संशय घे. नायट्राइट रक्तात शिरला की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, मग पाण्यात कितीही असला तरी मासा गुदमरतो. अशा माशाचे कल्ले लालऐवजी तपकिरी दिसू लागतात.

दोन दिवस खायला काही घालू नकोस. तुझा जीव कासावीस होईल हे मला माहीत आहे, तो काचेजवळ येऊन तोंड हलवेल तेव्हा तर फारच. पण धडधाकट गोल्डफिश आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याला काही होत नाही, आणि जे खाणं पोटात जात नाही त्याचा अमोनियाही होत नाही.

आता मीठ. नायट्राइट निघाला तर मीठ खरोखर उपयोगी पडतं, कारण मिठातला क्लोराइड कल्ल्यांतून नायट्राइटला आत शिरू देत नाही. लिटरला १ ग्रॅम पुरे. आयोडीन किंवा मोकळं राहण्यासाठीची पूड नसलेलं साधं मीठ घे. आधी टाकीत पाणी किती आहे ते काढ. तुझी टाकी ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद, आणि पाणी ३५पर्यंत असतं ना? तिघांचा गुणाकार करून १०००ने भागलं की ६३ लिटर. तळाच्या खड्यांचे वजा केले तर ५५ धर. म्हणजे ५५ ग्रॅम मीठ, काट्यावर तोलून. चमच्याच्या अंदाजाने घालू नकोस. टाकीतल्याच पाण्यात विरघळव आणि दिवसभरात दोन-तीन हप्त्यांत ओत, मिठाचे खडे थेट माशांवर पडता कामा नयेत. मीठ वाफेबरोबर उडून जात नाही हे मात्र ध्यानात ठेव. पुढे जेवढं पाणी बदलशील तेवढ्याच पाण्यापुरतं मीठ घालायचं, नाहीतर रोज थोडं थोडं चढत जाईल. अमोनियावर मिठाचा काही इलाज नाही, तिथे पाणी बदलणं हाच उपाय.

अमोनिया किंवा नायट्राइट दिसत राहील तोवर रोज तिसरा हिस्सा ते निम्मं पाणी बदलत राहा. सगळं पाणी एकदम काढून टाकी धुऊन काढावी, असं तुला वाटेल. ते करू नकोस, उरलेसुरले जिवाणूही जातील आणि माशाला बदल सोसणार नाही. स्पंजला हात लावू नकोस. पुढे कधी तो तुंबलाच तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळून घ्यायचा. कोणाकडे निरोगी माशांची जुनी टाकी असेल तर त्यांच्या फिल्टरमधल्या स्पंजचा तुकडा मागून आण. वस्ती लवकर बसवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही मला माहीत नाही. फक्त त्या टाकीत आजार नाही ना, हे आधी विचार.

पांढऱ्या ठिपक्यांचं सांगायचं राहिलं. तुझ्या फोटोत ते फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेच्या काट्यावर दिसतात, सारख्या आकाराचे आणि जवळजवळ ओळीत. शेपटीवर एकही नाही. विणीच्या काळात नर गोल्डफिशला नेमक्या याच जागी असे दाणे येतात. तो आजार नव्हे, तुझा मासा बहुधा नर आहे एवढंच त्यावरून कळतं. पांढऱ्या ठिपक्यांचा आजार, ज्याला इक म्हणतात, तो वेगळा दिसतो. त्यात मीठ भुरभुरल्यासारखे दाणे अंगावर, परांवर, शेपटीवर कुठेही विखुरलेले असतात, दिवसागणिक वाढतात आणि मासा खड्यांवर अंग घासत फिरतो. म्हणून रोज त्याच जागेवरून, त्याच उजेडात एक फोटो काढ. ठिपके पसरले तर तुलनेत लगेच दिसतील.

पसरलेच, तर इकचा परजीवी कसा वागतो ते माहीत असू दे. अंगावर दिसणारा दाणा माशाच्या कातडीखाली सुरक्षित बसलेला असतो, औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तो पिकून गळतो, तळाशी जाऊन फुटतो, त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावा लागतो. औषध किंवा मीठ त्यांना मारतं ते याच टप्प्यात. म्हणून दाणे गेले की उपचार थांबवायचे नाहीत, त्यानंतरही निदान आठवडाभर चालू ठेवायचे. तेव्हा मीठ लिटरला ३ ग्रॅमपर्यंत चढवावं लागेल, तेही प्रत्येक हप्त्यात अर्ध्या दिवसाचं अंतर ठेवून, आणि झाडं आधी दुसरीकडे हलवून. तापमान दिवसाला एखाद-दोन अंशांनी २५-२६पर्यंत न्यावं, म्हणजे परजीवीचं चक्र लवकर फिरतं. त्याच्या पुढे नेऊ नकोस, गोल्डफिश थंड पाण्यातला मासा आहे.

शेपटीतल्या लाल रेघा पाणी सुधारलं की बहुधा ओसरतील. अंगावर मधेच काळे डाग उमटले तर दचकू नकोस, अमोनियाने भाजलेली कातडी भरून येताना कधी कधी तशी काळी पडते. परांच्या कडा मात्र झिरमिळ्या होऊन आत आत कुरतडल्यासारख्या दिसू लागल्या, कापसासारखी पांढरी बुरशी धरली, किंवा वरून पाहताना खवले उभे राहिलेले दिसले, तर मला कळव आणि माशांवर उपचार करणारे पशुवैद्य गाठ. खवले उभे राहतात तेव्हा शरीरात पाणी साचलेलं असतं, आतले अवयव थकलेले असतात आणि त्यातून मासे क्वचितच बरे होतात. तुला खोटी आशा लावायची माझी इच्छा नाही. पण तुझ्या फोटोंत तसं काही दिसत नाही, खवले अंगासरशी आहेत.

दुकानातून निळं औषध कोणी हातात दिलं तरी ते मोठ्या टाकीत ओतू नकोस. मिथिलीन ब्लू बुरशीवर कामाचं आहे, पण फिल्टरमधल्या जिवाणूंनाही ते मारतं, आणि तुला आत्ता तेच जगवायचे आहेत. वेळ आलीच तर साबण न लागलेल्या वेगळ्या टबात, एअर पंप लावून आणि रोज पाणी बदलून द्यायचं. प्रतिजैविकांचंही तेच, पशुवैद्यांनी सांगितल्याशिवाय नाही. एका वेळी एकच उपाय कर, म्हणजे गुण कशाने आला आणि त्रास कशाने झाला ते कळेल. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर औषध देण्याच्या दिवसांत तो काढून ठेव, नाहीतर तो औषध शोषून घेईल.

हे निस्तरलं की मोठ्या टाकीचं बघू. दोन गोल्डफिशना ५५ लिटर कमीच पडतात. हे मासे वीतभर वाढतात, नीट सांभाळले तर दहा-पंधरा वर्षं सहज जगतात. शंभर लिटरच्या पुढची टाकी असेल तर पाणी असं एका चुकीने सहसा बिघडत नाही. आणि पुढे कधी तिसरा मासा आणावासा वाटला तर आधी दोन-तीन आठवडे त्याला वेगळा ठेव.

तुझ्या बोटाला कापलं होतं, ती जखम भरली का? भरेपर्यंत टाकीत उघडा हात घालू नकोस, लांब हातमोजे घाल. माशांच्या पाण्यातला एक जिवाणू जखमेतून शिरला तर कातडीवर गाठी येतात आणि त्या महिनोन्महिने बऱ्या होत नाहीत. टाकीचं काम झालं की साबणाने हात धू. टाकीसाठीचा मग आणि बादली वेगळेच ठेव, त्यांना कधीच साबण लागू देऊ नकोस.

आज रात्री पाणी बदलून झालं की कळव. उद्या संच आला की चारही आकडे पाठव, मग मीठ घालायचं की नाही ते ठरवू. तुझं जेवण मात्र दोन दिवस बंद ठेवू नकोस.

तुझी,
आई