काकूच्या कॉम्प्युटरचं घड्याळ लावणाऱ्या पोराला

प्रिय बाबू,

"माहं नाव नोका लिहू काकू, नाहीतर उद्या अर्धं गाव डिश घेऊन माह्या दारात उभं राहीन," असं तू म्हणाला होतास. म्हणून नाव लिहीत नाही. पण आभार चारचौघांत मानायचे ठरवलेच आहेत, तर ते मानूनच राहीन.

मागच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापसाची वेचणी भरात होती. सह्याद्रीवर शेतीचा कार्यक्रम लागायच्या वेळेला मी वावरात काट्यापाशी. एकेका बाईचं गाठोडं मोजायचं, वहीत किलो लिहायचे, चुंगड्या, म्हणजे भरलेली पोती, बैलगाडीत टाकायच्या. घरी येईपर्यंत कार्यक्रम संपलेला. आठ एकरांची शेती एकटीनं करायची आणि तज्ज्ञ काय सांगून गेले ते शेजाऱ्याच्या तोंडून ऐकायचं, तेही अर्धवट. पोरीचा कॉलेजातला कॉम्प्युटर घरात धूळ खात पडला होता. त्याच्यावर टीव्ही रेकॉर्ड होतो का, म्हणून तालुक्याच्या एका दुकानात विचारायला गेले तर दुकानदार म्हणाला, "ते तुमच्याच्यानं नाही होणार, नवीन टीव्ही घ्या." दारव्ह्याच्या बसमध्ये तू शेजारी बसला नसतास, तर मी खरंच नवीन टीव्ही घेऊन बसले असते.

तू नागपूरहून, सीताबर्डीवरून, कॉम्प्युटरवर टीव्ही दाखवणारं जुनं ट्यूनर कार्ड आणलंस. फ्री डिशची छत्री होतीच. सॅटेलाइट 93.5 अंश पूर्वेला, म्हणजे आपल्याकडून आग्नेयेला, आमच्या गोठ्याच्या डोक्यावर. छत्रीची वायर बॉक्समधून काढून कार्डात घातली. पैसे भरायच्या डिशचे चॅनेल कुलुपात असतात, नुसत्या कार्डाला ते उघडत नाहीत, पण सह्याद्री उघडं येतं, हे मला तेव्हा कळलं. एलएनबीचे, म्हणजे छत्रीच्या तोंडाशी सिग्नल पकडणाऱ्या डबीचे, 9750 आणि 10600 हे आकडे तू माझ्याकडूनच टाइप करून घेतलेस. खुर्चीत मी आणि तू स्टुलावर. माउसला तू हात लावला नाहीस, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं होतं. रेकॉर्डिंग करणाऱ्या प्रोग्रामचं टीव्हीहेडएंड हे नाव मात्र अजून माझ्या तोंडात बसत नाही, मी त्याला टीव्हीवाला म्हणते.

साडेसहाचं रेकॉर्डिंग लावून तू गेलास. दुसऱ्या दिवशी रात्री बोंडांनी ओरखडलेल्या हातांनी मी फाईल उघडली, तर पेटी-तबला! कुठलासा दुपारचा गाण्याचा कार्यक्रम. मला वाटलं, दुकानदार खरंच बोलला होता.

तुला फोन केला. तू चॅनेलचं काही विचारलं नाहीस, एवढंच म्हणालास, "काकू, स्क्रीनच्या कोपऱ्यात किती वाजले?" मी म्हटलं, पावणेदोन. "आन् भितीवरच्या घड्याळात?" सव्वाआठ. पलीकडे तू मिनिटभर गप्प. मग म्हणालास, "साडेपाच तास. माही चूक झाली काकू. मीच नाही पाह्यलं."

दुसऱ्या दिवशी चौदा किलोमीटर मोटारसायकल हाणत आलास आणि कागदावर काढून दाखवलंस. आधीच्या विंडोजनं मदरबोर्डच्या घड्याळात आपली भारतातली वेळ लावून ठेवलेली. विंडोजच्या जागी तू टाकलेला लिनक्स समजतो, हे ग्रीनविचचं घड्याळ आहे, आणि त्यात वरून साडेपाच तास मिळवतो. इंटरनेट असतं तर त्यानं वेळ आपोआप सुधारून घेतली असती, पण आमच्या घरात ते कुठलं? म्हणजे दुपारी एक वाजताच कॉम्प्युटरला साडेसहा झाले होते. बिचाऱ्यानं सांगितलेलं काम अगदी वक्तशीर केलं होतं. तो रुपयाएवढा सेलही बदललास, म्हणालास की तो मेला तर लाईन गेल्यावर घड्याळ पुन्हा भरकटेल.

बाबू, चूक झाली तर आपल्याकडे लोक आधी मशीनला शिव्या देतात, मग वापरणाऱ्याला. तू न विचारता स्वतःवर घेतलीस. माझ्या नवऱ्याच्या माघारी बँकेपासून बियाण्यापर्यंत किती जणांशी बोलले असेन, "चूक माही" हे शब्द मी फार कमी ऐकले. खरं तर हे पत्र तेवढ्यासाठीच आहे, बाकी सगळी हकीकत आहे.

लाईनीचंही तूच पाहिलंस. गेलेली लाईन आली की कॉम्प्युटर आपोआप सुरू व्हावा, हे त्या निळ्या पडद्यात जाऊन लावलंस. रेकॉर्डिंग टीएस फाईलमध्येच ठेव, एमपीफोर करू नको, हेही बजावलंस. त्याची किंमत जानेवारीत कळली. कार्यक्रमाच्या मध्येच लाईन गेली, पण बावीस मिनिटं जशीच्या तशी शाबूत. एमपीफोरची अनुक्रमणिका बहुधा शेवटी लिहिली जाते, ती राहिली तर फाईल उघडतच नाही. टीएस म्हणजे आपलं वेचणीचं गाठोडं, गाठ मारायची राहिली तरी आत पडला तेवढा कापूस आपला.

आणि यंदाच्या भादव्यातली गंमत तुला सांगायचीच होती. गुलाबी बोंडअळीवरचा कार्यक्रम. पतंगांना वासानं ओढणारे कामगंध सापळे पाच, एवढं शेजाऱ्यानं ऐकलं होतं आणि एकरी पाच लावून मोकळा झाला होता. मी रेकॉर्डिंग तीनदा मागं नेलं. नुसती नजर ठेवायची तर हेक्टरी पाच, म्हणजे एकरी दोन. सापळ्यात आठ पतंग, तेही सलग तीन रात्री सापडले तर फवारणीचं बघायचं. थांबवून, वहीत लिहून, मग वावरात गेले. शेजारी आता गुरुवारी रात्री आमच्याकडेच येऊन बसतो. चहा माझा, टीका त्याची.

अर्ध्या तासाला पाऊण-एक जीबी जातं, जुनं पुसत जाते. वांदरांनी छत्री एकदा हलवली होती, तेव्हा सिग्नलचा आकडा बघत बघत मीच फिरवून जागेवर आणली. तुला फोन केला नाही, हे मुद्दाम कळवते.

यंदाची तूर चांगली दिसते. डाळ भरडली की पाच किलो तुझी, संक्रांतीला घेऊन जा. आणि येताना माझा निळा पेनड्राईव्ह आण, वर्ष झालं.

तुझी,
चुंगड्यावाली काकू