सहा ताऱ्यांच्या मागे लागण्याआधी नकाशा वाचा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मोबाइल गेमबद्दल वर्तमानपत्रांत येते ते बहुतेक दोन तऱ्हेचे. एक तर मुलांच्या डोळ्यांची काळजी, नाहीतर पैसे लावून खेळायच्या ॲपच्या बातम्या. अशा खेळांवर 2025 च्या कायद्याने बंदी आणली, त्या चर्चेत बाकीचे खेळही त्याच मापाने मोजले गेले. एखादा खेळ खेळायचा कसा आणि लोक अडकतात कुठे, हे मात्र छापून येत नाही. बुद्धिबळाचे डाव छापणाऱ्या पानांना हे जड जाऊ नये. उदाहरणादाखल ‘अर्कनाइट्स’ घेतो. शांघायच्या हायपरग्रिफ कंपनीचा हा गेम चीनमध्ये 2019 साली आला आणि इंग्रजीत जानेवारी 2020 मध्ये.

प्रकार टॉवर डिफेन्सचा. लाल दारातून शत्रू निघतात, ते निळ्या दारापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. फक्त बुरुजांच्या जागी इथे माणसे आहेत, त्यांना ऑपरेटर म्हणतात. तुकडीत 12 जण, शिवाय एक मित्राकडून उसना. ऑपरेटर मैदानात उतरवायला डीपी नावाचे गुण खर्चावे लागतात आणि ते साधारण सेकंदाला एक या गतीने जमतात. पहिली चूक इथेच होते: महागडा, सहा ताऱ्यांचा (म्हणजे सर्वांत दुर्मीळ प्रतीचा) ऑपरेटर आधी उतरवायचा म्हणून नवखे डीपी साठवत बसतात आणि तेवढ्यात शत्रूची पहिली दोन कुत्री निळ्या दारातून पार होतात. आधी स्वस्त व्हॅनगार्ड उतरवावेत, कारण डीपी वाढवणे हेच त्यांचे काम. त्यांतही मर्टलसारखे झेंडेवाले असतील तर एक ध्यानात ठेवावे: झेंडा उभारलेला, म्हणजे त्यांचे कौशल्य चालू, असेपर्यंत ते कुणालाही अडवत नाहीत. शत्रू समोर आला असताना कौशल्य दाबले, तर तो त्यांच्या अंगावरून सरळ पुढे चालू लागतो. काम झाले की व्हॅनगार्डला माघारी बोलवावे, निम्मे डीपी परत मिळतात. तोच ऑपरेटर पुन्हा उतरवताना मात्र दर चढतो, पहिल्या खेपेस दीडपट आणि त्यानंतर दुप्पट.

उतरवण्याचा क्रम तर फार थोडे लोक पाहतात. लांबून मारणारा शत्रू सर्वांत शेवटी उतरलेल्यावर आधी नेम धरतो. म्हणजे ढालवाला डिफेंडर आधी उभा करून मागून नाजूक मेडिक (जखमा भरून काढणारा) उतरवला, की बाण मेडिकलाच बसणार. मेडिक आणि लांबून मारणारे स्नायपर आधी, डिफेंडर शेवटी. एवढ्या एका अदलाबदलीने ‘अशक्य’ वाटणाऱ्या कितीतरी फेऱ्या सुटतात.

तिसरी गोष्ट गणिताची. साध्या माऱ्यातून शत्रूचे चिलखत सरळ वजा होते. 500 चा मारा आणि 800 चे चिलखत असेल तर उरतो तो किमान 5 टक्के, म्हणजे 25. जादूचा मारा मात्र टक्केवारीने घटतो. तोच 500 चा मारा असलेला कास्टर, म्हणजे जादूगार ऑपरेटर, 10 टक्के प्रतिकाराच्या शत्रूला 450 ची इजा करतो. जाड चिलखतवाल्यांसमोर चार स्नायपर उभे करून ‘माझे ऑपरेटर कमजोर आहेत’ म्हणणाऱ्याला कमी पडलेला असतो एक तीन ताऱ्यांचा कास्टर. उलट ड्रोन उडते असल्याने अडवता येत नाहीत, तिथे स्नायपर कामी येतात.

हे न पाहता लोक बॅनरकडे, म्हणजे नवे ऑपरेटर नशिबाने मिळवायच्या सोडतीकडे, धावतात आणि खिसा रिकामा होतो तो तिथेच. पालकांनी नजर ठेवायची ती इथे. सहा ताऱ्यांचा ऑपरेटर मिळण्याची शक्यता दर खेपेस 2 टक्के. लागोपाठ 50 खेपांत एकही न मिळण्याची शक्यता सुमारे 36 टक्के, म्हणजे तीनांतल्या एकाहून जास्त जणांच्या वाट्याला हे येतेच. पुढे प्रत्येक खेपेस 2 टक्क्यांची भर पडते आणि 99 व्या खेपेपर्यंत एक नक्की हाती लागतो. पण तो जाहिरातीतलाच असेल असे नाही. नेहमीच्या बॅनरवर त्या नावांच्या वाट्याला निम्मीच शक्यता असते. एका खेपेला 600 ओरंडम (गेममधले चलन), म्हणजे 50 खेपांना 30,000. शिवाय नशिबाने मिळालेल्याला वाढवायचा खर्च वेगळाच. दुसऱ्या बढतीचे नुसते नाणे (हे गेममधले दुसरे चलन) सहा ताऱ्यांना 1,80,000 आणि चार ताऱ्यांना 60,000 लागते. नवख्याने चार ताऱ्यांचे पाच-सहा जण नीट वाढवावेत, सुरुवातीच्या अध्यायांना ते भरपूर झाले. गेममधल्या भरती केंद्रात हव्या त्या गुणांचे टॅग निवडून, वेळ 9 तासांवर ठेवून असे ऑपरेटर फुकट मिळतात.

फेरीच्या निकालात तीन तारे मिळाले की तोच डाव यंत्राकडून पुन्हा खेळून घेता येतो. मधल्या काळात ऑपरेटर वाढवले असतील तर मात्र वेळा चुकून तो कधीकधी फसतो. तेव्हा डाव हाताने पुन्हा खेळून नवी नोंद करावी.

आता गोष्टीबद्दल. संवाद भरपूर, इंग्रजीत, आणि काही ठिकाणी फाजील लांबवलेले. हे मान्य करायला हवे. म्हणून ‘स्किप’ दाबायची सवय लागते. पण या गेममध्ये गोष्ट नकाशातच उतरली आहे. टेरा नावाच्या जगात ओरिजिनियम या खनिजावर यंत्रे चालतात, शहरेही चालती आहेत, आणि त्याच खनिजामुळे असाध्य रोग जडतो. बाधितांना शहरे हाकलून देतात, त्यातून रीयुनियन हे बंड उभे राहते. काही फेऱ्यांत जमिनीवर सक्रिय ओरिजिनियमची चौकट असते. तिच्यावर उभा राहणारा जोरात आणि भरभर मारतो, पण त्याचे आयुष्य सतत झिजत जाते. कथा वाचलेल्याला हे शिकवावे लागत नाही. न वाचलेला तिला नुसती ताकदीची जागा समजतो आणि जवळ मेडिक नसताना तिथे लढवय्या गार्ड उभा करतो.

दुसरा अध्याय लुंगमेन शहरातल्या झोपडवस्तीत मिशा नावाच्या मुलीच्या शोधाचा आहे. तो वगळून 3-8 ला, म्हणजे तिसऱ्या अध्यायाच्या आठव्या फेरीला, पोचलेल्यांना समोर येतो तो फक्त मुखवटा घातलेला एक बॉस. वगळलेले प्रसंग गेममधल्या संग्रहात कधीही वाचता येतात. 3-8 ला हात घालण्याआधी तेवढे वाचून घ्यावे. मुखवट्याबद्दल इथे जास्त लिहिणे बरे नव्हे.

कळावे,
एक वाचक, ठाणे