यात्रेच्या गर्दीवरून वारकरी मोजू नका

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

सप्रेम रामकृष्णहरी.

पंढरीला जाणाऱ्या मुख्य पालख्यांतल्या दिंड्यांना प्रत्येकी 20 हजार रुपये देण्याची घोषणा सरकारने 2024 च्या अर्थसंकल्पात केली. वारकऱ्यांसाठी महामंडळही जाहीर झालं. मनापासून आनंद झाला. पण योजना आखायच्या तर वारकरी किती, आणि वारकरी म्हणायचं कुणाला, हे आधी ठरवावं लागेल. जनगणनेतून ते कळत नाही. तिथं धर्माचा रकाना असतो, संप्रदायाचा नसतो. मग आषाढीच्या गर्दीचा आकडा पुढे केला जातो.

त्या गर्दीत नवस फेडायला आलेलेही असतात. त्यांची भक्ती कमी नाही. पण आमच्या मराठवाड्यातले कितीतरी माळकरी त्या गर्दीत नसतात, त्यांचं काय?

बीड जिल्ह्यातला ऊसतोड मजूर बघा. दिवाळीच्या आगेमागे तो कोयता घेऊन कारखान्याकडे निघतो. कार्तिकी चुकते. फाल्गुनात पैठणला नाथषष्ठी भरते, तेव्हाही तो बहुतेक उसाच्या फडातच असतो. गळ्यात तुळशीची माळ, एकादशीला उपाशीपोटी मोळ्या वाहायच्या आणि रात्री कोपीपुढे, म्हणजे आपल्या झोपडीपुढे, बसून हरिपाठ म्हणायचा. आषाढीला तो गावी असतो खरा, पण पाऊस लांबला की पेरणी नेमकी तेव्हाच येते. घरातलं एक माणूस दिंडीत जातं, बाकीचे रानात राबतात. हा माणूस वारकरी नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून माळ, एकादशी, रोजचा हरिपाठ आणि वर्षातून एक तरी वारी, ही खूण धरा. वारी चुकली तर कारण विचारा, नाव खोडू नका. माळ घातली आणि पुढे नेम सुटला, असेही असतात. विचारलं तर ते स्वतःच सांगतील.

मोजायचं ठिकाण म्हणाल तर गावोगावचा अखंड हरिनाम सप्ताह. सात दिवस वीणा खाली ठेवायची नसते. ती आळीपाळीने धरून उभं राहायचं, तो पहारा; देवळाच्या भिंतीवर त्या पहाऱ्याची यादी चिकटवलेली असते. रात्री दोन ते चारच्या पहाऱ्याला उभी राहणारी माणसं वर्षानुवर्षं तीच असतात, त्यांना आधी गाठा. मात्र या यादीत बायकांची नावं क्वचितच सापडतात. काकड्याला, हरिपाठाला त्या असतात, पंगतीच्या भाकरी त्याच थापतात. जनाबाईंच्या गंगाखेडच्या मुलखात बायाच मोजायच्या राहिल्या, तर ती मोजणी आम्हाला मान्य होणार नाही. त्यांना वेगळं विचारा.

एकच माणूस सप्ताहात, दिंडीत आणि भजनी मंडळात असतो. तो तीनदा धरला जाऊ नये. अनुदान माणशी ठरवू नका, नाहीतर आकडे फुगतील. आणि नावांच्या याद्या गावाबाहेर जाऊ देऊ नका, फक्त संख्या घ्या. निवडणुकीच्या तोंडावर अशा याद्या कुणाच्या हाती पडतात, हे आपण जाणता.

सुरुवात पैठण तालुक्यातून करा, ज्ञानोबांच्या आपेगावपासूनच करा. प्रश्नावली मुंबईत ठरण्याआधी तिथले विणेकरी, चोपदार आणि भजनी मंडळातल्या बाया यांना एकदा समोर बसवून ऐका. बैठकीची तारीख कळवा, आम्ही येतो.

आपला,
बीड जिल्ह्यातील एक माळकरी