बेल्ट शेवटपर्यंत ओढ

सांगली, रविवार

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावर आत्याचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. "आई, गाडी ठाण्याची आहे, तिथं कृष्णा नाही," एवढं बोललीस आणि पुढं आवाजच नाही. मी रागावलेली नाही. म्हणजे काल होते. लिहून पाठवते, कारण फोनवर तू मध्येच तोडतेस आणि मग माझ्या तोंडून भलतंच निघतं. गाडी कधी पुराच्या पाण्यात बुडाली होती का, ते पाण्याचं पुन्हा काढणार नाही.

तू पाठवलेलं सगळं वाचलं. बीएमडब्ल्यूची एम 340 आय, जुनी, 2021 ची. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, 387 हॉर्सपॉवर, साडेचार सेकंदांच्या आत शंभरचा वेग. तेवढ्या वेळात मला चष्मा सापडत नाही. पण पैसे तुझे, हौस तुझी. आपल्या दुकानात बेअरिंगवरचे आकडे वाचत अंक शिकलेली पोर आज अशी गाडी घेते म्हटल्यावर मी सकाळी दूधवाल्यालासुद्धा सांगून मोकळी झाले.

22 वर्षं काउंटरवर बसले, तेवढ्या हक्काने सांगते. आधी टायर बघ. या गाडीत चारही चाकांना जोर जातो, त्यामुळे टायर कंपनीने सांगितलेल्याच मापाचे आणि सारखेच झिजलेले हवेत. झिजीत फरक असला की पुढच्या-मागच्या चाकांच्या फेऱ्या जुळत नाहीत आणि ट्रान्सफर केसमधला, म्हणजे पुढं-मागं जोर वाटणाऱ्या डब्यातला, क्लच विनाकारण घासत राहतो. दोन कोरे आणि दोन गुळगुळीत दिसले, तर समज, मालकाने टायरचे पैसे वाचवून मोठा खर्च तुझ्यासाठी ठेवलाय. टायरच्या कडेला चार आकडी तारीख असते. 3420 म्हणजे 2020 सालचा 34 वा आठवडा.

मग मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून अगदी हळू गोल गोल फिरव, दोन्ही बाजूंनी. धक्के बसले, गाडी अडखळली, तर ट्रान्सफर केसचं ऑइल कधी बदललं ते विचार. "हे ऑइल जन्मभर चालतं" असं उत्तर आलं तर जन्म कोणाचा ते पण विचार. गिअरबॉक्सच्या ऑइललाही हाच प्रश्न.

इंजिन थंड असताना जा. तू पोचायच्या आधीच त्याने चालू करून ठेवलेलं असेल तर बॉनेटवर हात ठेवलास की कळेल. आणि ही गाडी घेणारे हौशी लोक गाडीच्या संगणकात फेरफार करून ताकद वाढवतात, विकताना मूळचं परत भरतात. म्हणून चांगल्या माणसाकडून स्कॅनर लावून घे, सायलेन्सरची लाइन मूळचीच आहे ना ते बघायला सांग. लिफ्टवर चढवल्याशिवाय हो म्हणू नकोस. अॅक्सलचे रबरी बूट फाटलेत का, चाकांना जोर वाटणाऱ्या डिफरन्शिअलला ऑइलचा ओलावा आहे का, पोटाला स्पीडब्रेकर किती घासलेत, सगळं खालूनच दिसतं. चासी नंबरवरून सर्व्हिसची आणि इन्शुरन्स क्लेमची माहिती काढ. आरसीवर बँकेचा बोजा असेल तर कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आल्याशिवाय पैसे सोडू नकोस. हे तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, असू दे.

डिकी उघडलीस की तळाचं कारपेट उचल. या गाडीची बॅटरी तिथं मागं असते. खाली माती, वायरींच्या टोकांना हिरवट गंज, काहीही दिसलं तर

बघ, आलंच पाणी. चुकलं. पण आता आलंय तर सांगूनच टाकते. हे तुला आम्ही दोघांनीही कधी सांगितलं नाही.

2019 च्या ऑगस्टात आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दुकान बुडालं, ते तू पाहिलंस. खोक्यांचा लगदा झाला होता आणि तू आठ दिवस रॉकेलमध्ये बेअरिंगं धूत, एकेकाचा नंबर वाचून मला सांगत होतीस. पण आपली पांढरी गाडीही मागच्या बोळात सीटच्या वरपर्यंत पाण्यात होती. बंद पडली म्हणून विकली, एवढंच तुला माहीत. बंद नव्हती पडली. बाबांनी आणि मिस्त्रीने ती पंधरा दिवस वाळवली, कारपेट नवं टाकलं, मी आत कापूर ठेवला. दिवाळीत तासगावच्या एका मास्तरांना दिली. पाण्याचं कोणी विचारलं नाही, आम्ही बोललो नाही. दुकान उभं करायला पैसे हवे होते, आणखी काय सांगू.

फेब्रुवारीत मिरज रोडवर ती बंद पडली. आधी एअरबॅगचा दिवा, मग मीटर, मग सगळंच. मास्तर बायकोला घेऊन आले. मला वाटलं, भांडतील. स्टुलावर बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "वहिनी, बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायला हवा होता मी." मी गाडीत जाऊन ओढला. शेवटच्या वीतभर पट्टीवर मातीची रेघ, सरळ, फूटपट्टीने मारल्यासारखी. आम्ही सगळं पुसलं होतं, बेल्ट कोणी ओढलाच नव्हता. बाबांनी त्यांना चाळीस हजार परत दिले. त्यावर पुढं एक शब्द बोलले नाहीत, अखेरपर्यंत.

म्हणून म्हणते गं, ठाण्यात कृष्णा नसेल, पण बेसमेंटच्या पार्किंगला एक तुंबलेला नाला पुरतो. विकणारा वाईटच असतो असं नाही. आम्ही काय वाईट होतो?

उपदेश फार झाला. कालही तेच झालं. तू बाबांचा विषय काढलास तेव्हा मी ओरडायला नको होतं. भडंग आणि हळद आत्याच्या मुलाबरोबर पाठवलीय, डबा परत दे.

शनिवारी गाडी बघायला जाणार ना? शुक्रवारच्या रात्रीच्या एसटीने मी पुण्याला येऊ का? स्कॅनर-बिनर तुझं तू बघ. सीटखाली वाकायला मला आता जमत नाही, पण दार उघडल्या उघडल्या आत कापूर ठेवला होता का, ते मला कळेल.

तुझी आई