केमोच्या सिस्टरला घरी बसवलंत, आता सुई कोण लावणार?

माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

मी घणसोलीची. स्तनाच्या कर्करोगावर माझे उपचार चालू आहेत. गेल्या आठवड्यात आमच्या केमो वॉर्डातल्या जुन्या सिस्टरचं कंत्राट संपलं. त्यांच्या जागी दुसऱ्या वॉर्डातली एक नवखी मुलगी आणून उभी केली आणि माझं लाल औषध शिरेबाहेर गेलं. हात कोपरापर्यंत सुजलाय, कातडी काळवंडलीय, साधी वेणी घालता येत नाही म्हणावं तर वेणीही उरली नाही.

हे लाल औषध, डॉक्सोरुबिसिन, शिरेबाहेर झिरपलं की मांस जाळतं. म्हणून ते देताना सिस्टर खाटेपासून हलत नाही. रक्त मागे येतंय का बघते, सलाईन चालू ठेवून हळूहळू सोडते, "ताई, चुरचुरतंय का?" असं विचारत राहते. त्या मुलीला हे कुणी शिकवलं होतं? वॉर्डात पंचवीसेक खाटा, सिस्टर दोन. तिच्यावर माझा राग नाही. तुमच्यावर आहे.

लघवी लाल झाली तेव्हा मी हादरले होते. तो औषधाचा रंग आहे, हे जुन्या सिस्टरनी सांगितलं. केमोनंतर दुसऱ्या आठवड्यात काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, पडतात, ताप १००.४ च्या वर गेला तर गोळी घेऊन झोपायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा, हेही त्यांनीच बजावलं. एका रात्री त्यामुळेच मी वाचले. डॉक्टरांना बाहेरची रांग संपवायची असते. केस जायला लागले तेव्हा मी घरी रडले नाही, त्यांच्यापाशी रडले. अशा बाईला वर्षानुवर्षं अकरा-अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर ठेवता?

फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत प्रत्येक जिल्हा रुग्णालयात कर्करोगाचं डे-केअर केंद्र देण्याची घोषणा झाली, पहिल्याच वर्षी २००. खुर्च्या येतील, फीत कापली जाईल. तिथे केमो देणारी माणसं कुठून आणणार? शाळा कंत्राटावर, सफाई कंत्राटावर, आता आमच्या शिराही कंत्राटावर. आणि ठाण्यापासून पनवेलपर्यंत एक खांब तुमच्या लोकांच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सविना दिसत नाही. त्याला पैसा आहे! तुमच्यापैकी कुणाला कर्करोग झाला तर तुम्ही आमच्या वॉर्डात येता का?

केमो देणाऱ्या सिस्टर कायम करा, प्रशिक्षणाशिवाय कुणालाही या औषधाला हात लावू देऊ नका. आमच्या सिस्टरना परत बोलवा. माझी पुढची केमो याच महिन्यात आहे, त्याआधी लेखी उत्तर हवं.

एक रुग्ण,
घणसोली, नवी मुंबई