डेपोची ती पुढे आलेली खिडकी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या नेब्रास्कातल्या गावच्या जुन्या डेपोचा, म्हणजे आपल्याकडच्या रेल्वे स्टेशनाचा, फोटो मोठा करून पाहिला. एवढीशी लाकडी इमारत वाचवायला लोक इतके का भांडतायत, असं तू विचारलंस.

रुळांच्या अंगाला भिंतीतून पुढे आलेली खिडकी दिसते ना, तिथे एजंट, म्हणजे तिथला स्टेशनमास्तर, बसायचा. खुर्चीवरून न उठता त्याला दोन्हीकडचे रूळ दिसत, आणि समोर तारयंत्र कडकडत असे. न थांबणाऱ्या गाडीने पुढे कसं जायचं याचा लेखी हुकूम काठीच्या कडीत अडकवून तो रुळांलगत उभा राहायचा. धावत्या इंजिनातून कुणीतरी हात काढून तो उचलायचा. तिकिटं, तारा, मालाच्या पावत्या, सगळं बहुधा त्याच एका माणसाकडे. मी रेल्वेत जन्म काढलाय, म्हणून सांगतो, हे सोपं काम नव्हे.

बाहेरचं जग गावात शिरायचं ते इथूनच. वेळसुद्धा! 18 नोव्हेंबर 1883 ला रेल्वे कंपन्यांनी प्रमाणवेळ लागू केली, आणि डेपोतलं घड्याळ खरं ठरत गेलं. सरकारी कायदा आला तो 1918 मध्ये. 1908 पासून सीअर्स या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीच्या कॅटलॉगमधून अख्खं घर मागवता येई. लाकूड, खिळे, दारं मालडब्यातून डेपोवर उतरत. 1854 पासून न्यूयॉर्कची अनाथ मुलंही अशीच गाडीने गावोगावी धाडली गेली. अनोळखी माणसं त्यातली मुलं निवडून घरी नेत. ते वाचताना पोटात तुटतं.

आणि नॉर्थ प्लॅट, तुमच्या नेब्रास्कातलंच गाव. डिसेंबर 1941 मध्ये, दुसऱ्या महायुद्धात, तिथले लोक सैन्यात गेलेल्या आपल्या पोरांसाठी खाऊ घेऊन डेपोवर जमले, तर गाडीत निघाले कॅन्ससचे सैनिक. लोकांनी सगळं त्यांनाच वाटून टाकलं! नाताळला डेपोत सैनिकांसाठी कॅन्टीन सुरू झालं, ते 1 एप्रिल 1946 पर्यंत चाललं. गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबायची; तेवढ्यात कॉफी, सँडविच, वाढदिवस असेल त्याला केक. साखरेचं रेशनिंग होतं, तरी आसपासच्या सव्वाशे गावांतल्या बायका पाळ्या लावून येत. सुमारे साठ लाख सैनिकांना तिथे खाऊपिऊ घातलं गेलं. तो डेपो 1973 मध्ये पाडला. तुझ्या गावचे लोक का भांडतात, ते आता कळलं असेल.

मोटारी आणि ट्रक आले, रेल्वेने टपाल जाणं बंद झालं, तारयंत्र थांबलं, एजंटाची गरज उरली नाही.

डेपोबद्दलच्या बैठकीला जाणार आहेस, तर एवढं विचार: इमारत जागेवरच ठेवणार की उचलून दुसरीकडे नेणार? वाचनालय करोत, संग्रहालय करोत, पण रुळांपासून लांब नेऊ नका म्हणावं. त्या खिडकीतून रूळच दिसायला हवेत.

तुझे,
बाबा