ताराआत्याचं नाव

लालबाग, मुंबई

प्रिय सुमे,

गणपतीनंतर तुला एक ओळ लिहिली नाही. तुझे दोन फोन वाजून गेले तरी उचलले नाहीत. तू रागावली असशील, रागाव. आईचं बीपी गोळीवर ठीक आहे, माझा गुडघा जिना चढताना दुखतो. बाकी बरं.

लिहायला बसले ती तुझ्या ताराआत्यामुळे. पत्र बाजूला ठेवू नकोस, पूर्ण वाच.

आमच्या ऑफिसकडे एका जुन्या मनोरुग्णालयाच्या बंद पडलेल्या बराकींची मापं घ्यायचं काम आलं. परवा टेप आणि बॅटरी घेऊन मी आत गेले. कौलं फुटलेली, भिंतीतून पिंपळ वर आलेला. एका खोलीचं दार मोजायला वाकले तर कडी फक्त बाहेरून. आतून हात ठेवायला साधी मूठसुद्धा नाही. दारात रुपयाएवढं भोक आणि त्यावर लोखंडी झाकण, तेही बाहेरूनच सरकवायचं. मी मापाच्या वहीत "दार, एक नग" एवढंच लिहिलं आणि बाहेर ओट्यावर बसले.

पुढच्या बराकीत सतरंज्या विणायचा माग होता. शेजारी ॲल्युमिनियमच्या थाळ्यांची चळत, बुडाशी काळपट थर चढलेला. प्रत्येकीच्या काठावर ठोकून नंबर पाडलेला. २१७, ३०४, असे. नाव एकीवरही नाही. आणि मला आत्या आठवली, नळावर राख लावून एकच ताट तीनतीनदा घासणारी. तुझी आजी ओरडायची, "पुरे गं, झिजेल ते!" आणि आपण हसायचो. किती हसायचो, सुमे. कुणी जरा वेडावाकडा वागला की "याला ठाण्याला पाठवा" म्हणून ओरडणाऱ्यात आपण दोघी पुढे.

चाळीतही सगळे म्हणाले होते, ताराला ठाण्याला नेली. पण मुंबईत कुणाचंही डोकं फिरलं की त्याला ठाण्यालाच नेलं म्हणतात, खरं कुठे नेलं ते कोण विचारतं? ठाण्याचं इस्पितळ १९०१ सालचं. त्याच्याही आधी, १८२६ पासून, वेड्यांचं इस्पितळ कुलाब्याला होतं. आपण कॉजवेवर चपला घ्यायला जातो ना, त्याच कुलाब्यात. मला हे आजवर ठाऊक नव्हतं. आता रात्री उठून वाचत बसते.

वाचताना एक गोष्ट कळली, ती तुलाच सांगायची आहे. आत्याला नेली १९८६ मध्ये. तेव्हा १९१२ चाच कायदा चालू होता. घरच्या माणसानं अर्ज करायचा, दोन डॉक्टरांचे दाखले जोडायचे, मग मॅजिस्ट्रेटनं हुकूम द्यायचा. म्हणजे तो अर्ज तुझ्या बाबांनी केला असणार. आठवीत तू मला जिन्यात गाठून म्हणाली होतीस, "तुझ्या आईनंच तिला फसवून टॅक्सीत बसवलं." सहा महिने आपण बोललो नव्हतो. सुमे, तू खरं बोलत होतीस. आईनं तिला महालक्ष्मीच्या दर्शनाला जाऊ म्हणून सांगितलं होतं, आत्यानं त्यासाठी हिरवी साडी नेसली होती. मी गॅलरीतून पाहिलं होतं आणि तुझ्याशी भांडले ते आईला वाचवायला. तेव्हा कबूल केलं नाही, आज करते. पण सही आईची नव्हती. हेही तुला कधीतरी ऐकावं लागणार होतं.

तुझ्या बाबांना दोष देत नाही. एका खोलीत नऊ माणसं, त्यात तुझी आई बाळंतीण. पण परत आणायला का कुणी गेलं नाही? नंतर का नाही? माझी झोप उडालीय ती यानं. २०१७ च्या कायद्यात स्पष्ट आहे, घरचे नेत नाहीत किंवा जायला घर नाही एवढ्याच कारणानं कुणालाही आत ठेवता येत नाही. आत्या असलीच तर आज सत्तरीची असेल. नसली तरी कधी गेली, शेवटी पाणी कुणी दिलं, एवढं तरी कळायला हवं. मी चौकशीला गेले तर पहिलाच प्रश्न विचारतील, तुम्ही तिच्या कोण? शेजारीण म्हणून किती सांगणार? रक्ताची तू आहेस. अर्ज मी लिहिते, ठाण्यालाही मी येते, येरवड्यालाही येते, रजा टाकून येते. तू फक्त सही कर.

रोहनला इंजिनिअरिंगला पुण्यातच जागा मिळाली ना? अभिनंदन सांग. नव्या घरात ओल येते म्हणालीस, गच्चीच्या उताराचा फोटो पाठव, बघते.

आणि एवढं लवकर कळव. सासर सोडून ती माहेरी आली तेव्हा रेशनकार्डावर तिचं कुठलं नाव चढवलं होतं? तुमचं आडनाव की तिकडचं? ट्रंकेत जुनं कार्ड असेल तर काढ. त्याच नावानं शोधावं लागेल.

तुझी,
वासंती